पहिल्या उकाराचा निकाल

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिला तर मी दाढदुखीपासून साहेबाच्या शिव्यांपर्यंत सगळं सांगतो. मग आज तुम्हाला का सांगतोय? कारण संताप झालाय. रविवारपासून डोकं ठणकतंय, आणि ज्याच्यावर संतापलोय तो मला रोज दाढी करताना आरशात भेटतो.

झालं असं. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी बातमी टाकली. कुठल्याशा टीव्हीवरच्या क्विझमध्ये एकाचं उत्तर बरोबर होतं, पण स्पेलिंग चुकलं म्हणून बाद केलं. बस! सिंगापूरमधली निम्मी मराठी माणसं कामधाम सोडून भांडायला बसली. ज्ञान तपासताय की शुद्धलेखन? नियम म्हणजे नियम! आणि मग कोणीतरी लिहिलंच, 'मास्तरांना विचारा.' मास्तर म्हणजे मी. मी आंग मो किओमधल्या एका कंपनीत मॅनेजर आहे, शिकवण्याशी माझा काडीचाही संबंध नाही. पण ग्रुपवर कोणी 'आणी' लिहिलं की मी लगेच खाली तारा (*) देऊन 'आणि' लिहितो, त्यावरून हे नाव पडलं. मला ते आवडतं. म्हणजे, आवडायचं.

मी फोन पालथा घातला. काय लिहिणार होतो मी?

दोन हजार तेरा-चौदा साल असेल — उगाच 'असेल' म्हणतोय, कोणतं ते मला पक्कं ठाऊक आहे. महाराष्ट्र दिन. इथे आमचे सगळे सण शनिवारी येतात, पण त्या दिवशी कामगार दिनाची सुट्टी असते, म्हणून तेवढा एक कार्यक्रम आम्ही ज्या त्या तारखेला करतो. यिशुनमध्ये हॉल घेतला होता. मुलांची प्रश्नमंजुषा होती. मुलांनी उत्तर छोट्या पांढऱ्या फळ्यावर देवनागरीत लिहायचं, परीक्षकानं तो फळा उचलून सगळ्यांना दाखवायचा आणि मोठ्यानं वाचायचा, अशी पद्धत. परीक्षक मी. स्पर्धकांत माझा मुलगा अमेयही होता. बाप परीक्षक कसा, असं कोणी विचारलं नाही. परदेशातल्या मंडळात माणसंच कमी. जो सतरंज्या घालतो तोच निकालही देतो.

बक्षीस काय, तर जिंकणाऱ्यानं लगेच स्टेजवरून पाच मिनिटं मराठीत बोलायचं. मोठी माणसं हसली होती — हे बक्षीस की शिक्षा? पण यशोधराला तेच हवं होतं. यशोधरा म्हणजे मिलिंदची मुलगी, दहा वर्षांची. मिलिंद नोव्हेनाला एका प्रयोगशाळेत संशोधक, मूळ नागपूरकडचा. दर रविवारी जेवणं झाली की बापलेक त्यांच्या बिल्डिंगखालच्या दगडी टेबलावर बसून बाराखडी गिरवायचे. मी येताजाता पाहिलंय. तिची आजी तेव्हा इथे आली होती आणि त्याच आठवड्यात परत जाणार होती. आजीला इंग्रजी येत नाही, नातीला बोलताना मराठी अडखळते. आजीसमोर पाच मिनिटं न अडखळता मराठीत बोलायचं, म्हणून पोरीनं भाषण पाठ केलं होतं. जिंकलं तरच बोलायला मिळणार, हेही तिला माहीत होतं.

आता ऐका. मधल्या फेरीत मी विचारलं, ज्येष्ठानंतर कोणता महिना? अमेयनं लिहिलं, 'आशाढ'. शहामृगातला श! मी फळा उचलायच्या आधीच पाहिलं. आणि उचललाच नाही. 'आषाढ, बरोबर!' असं खणखणीत म्हणालो आणि तळहातानं पुसून टाकला. हाताला निळी शाई लागली. अमेयनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या मुलाकडे वळलो.

शेवटच्या प्रश्नाला अमेय आणि यशोधरा बरोबरीत. रातांब्याची सालं वाळवून आमटीत घालतात, त्याला काय म्हणतात? प्रश्न मीच काढला होता. आमच्या स्वयंपाकघरातला प्रश्न — मिलिंदच्या घरी चिंच. काढताना हे माझ्या लक्षात नव्हतं, असं म्हणू? नाही म्हणवत. तर आमच्या चिरंजीवांनी, रोज आमसुलाची आमटी ओरपणाऱ्या दिवट्यानं, लिहिलं 'चिंच'. आणि यशोधरानं लिहिलं 'आमसुल'. उकार पहिला.

तिचा फळा मी उचलला. चांगला उंच धरला. शेवटच्या रांगेलाही दिसला असेल. म्हणालो, 'शुद्धलेखन चूक. उत्तर ग्राह्य नाही.'

'बट आन्सर करेक्ट व्हॉट, अंकल!' ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. मग घाईनं मराठीत, 'आमसुलच ना?'

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी हळूच विचारलं, असा नियम आहे का. मी म्हणालो, 'पहिल्यापासून आहे.' धादांत खोटं! असा कोणताही नियम कधीच नव्हता. तो मी त्या क्षणी, तिचा फळा हातात धरून, तयार केला होता.

आणि हॉल? भरलेला हॉल मूग गिळून बसला. त्याचाही मला राग येतो, आजही. इंजिनियर, डॉक्टर, घर भाड्यानं घेताना कलमन् कलम वाचणारी माणसं — एकाच्या तोंडून ब्र निघाला नाही. का? कारण शुद्धलेखनाचं नाव काढलं की मराठी माणूस मान खाली घालतो. प्रत्येकाचं स्वतःचं कच्चं असतं ना. उद्या आपली वेलांटी निघेल ही भीती. मला ही भीती ठाऊक होती. तिच्याच जोरावर तर मी मास्तर झालो होतो.

मिलिंद स्टेजपाशी आला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. 'राहू द्या सर, होते असं,' एवढंच म्हणाला आणि रडणाऱ्या पोरीला घेऊन बाहेर गेला. बरोबरी मोडायला मी आणखी एक प्रश्न विचारला, तो अमेयला आला. त्यानं भाषण केलं. भाषण मी लिहून दिलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं — जुनीच गोष्ट. तेवढंच असतं तर मी केव्हाच सांगून मोकळा झालो असतो. पोराच्या मायेपायी केलेलं पाप लोक हसून सोडून देतात. वर चहाही पाजतात.

तेवढंच नव्हतं. सांगतो — थांबा, सांगतो.

मिलिंद पहिल्यांदा भेटला तेव्हा त्यानं आडनाव सांगितलं आणि मी म्हणालो, 'अच्छा.' तुम्हाला तो 'अच्छा' ठाऊक आहे. तुम्ही मराठी असाल तर तो तुम्ही कधीतरी म्हटला असेल, नाहीतर ऐकला असेल. पुढे त्यांच्या घरी जेवायला गेलो, भिंतीवरची निळ्या कोटातली तसबीर पाहिली, आणि मनातल्या मनात पुन्हा तेच म्हणालो. जेवण उत्तम होतं, मी दोनदा भात घेतला. आणि त्या दिवशी तिच्या फळ्यावर 'आमसुल' वाचलं तेव्हा पहिली गोष्ट मनात आली ती उकाराची नव्हती. मनात आलं — यांच्या मुलीनं मराठीत आमच्यावर बाजी मारायची? याच शब्दांत आलं. 'यांच्या.' 'आमच्यावर.' उकार मी नंतर शोधला.

आणि हा मीच बरं का, जो घराच्या जाहिरातीत 'नो इंडियन्स' वाचून महिनाभर तणतणत होतो! हॉकर सेंटरमध्ये जेवायला बसून समोरच्या चिनी सहकाऱ्याला समता शिकवत होतो! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

त्या दिवशी घरी येऊन शब्दकोश काढला. आमसूल, उकार दुसराच. मी बरोबर होतो. वाटलं, तो शब्दकोश खिडकीतून खाली फेकावा. फेकला नाही. जागेवर नीट ठेवला.

पुढच्या वर्षी मंडळानं तो नियम छापला. सुरुवातीला वाचूनही दाखवला आणि कोणीतरी म्हणालं, हा मास्तरांचा नियम. टाळ्या पडल्या. मी उठून हात जोडले. दरवर्षी एकदोन मुलं त्या नियमानं बाद होतात. यशोधरा त्यानंतर कधी आली नाही. मध्ये लिफ्टमध्ये भेटली, चांगली उंच झाली आहे. मी मराठीत विचारपूस केली. तिला सगळं कळत होतं. उत्तरं इंग्रजीत दिली, अगदी नम्रपणे, आणि मजला आल्यावर 'बाय, अंकल' म्हणाली.

रविवारी जेवताना त्या बातमीचा विषय निघाला. बायकोनं विचारलं, तुमचं मत काय हो? मी आमटी वाढून घेत होतो. अमेय ताटातून मान वर न करता म्हणाला, 'आस्क पप्पा, लाह. ही वाइप्स द बोर्ड व्हेरी फास्ट.' बायको हसली, तिला काही कळलं नाही. तो हसला नाही. म्हणजे इतकी वर्षं तो ते घेऊन माझ्यासमोर जेवत होता.

ग्रुपवर अजून मास्तरांच्या मताची वाट बघतायत.

एक सांगायचं राहिलं. मुद्दाम मागे ठेवलं होतं, वाटलं सांगावं लागणार नाही. अमेयचं भाषण संपलं, माणसं पांगली, मी खुर्च्या उचलायला घेतल्या. यशोधराची आजी दुसऱ्या रांगेत तशीच बसली होती. मिलिंद मुलीला समजावत बाहेर थांबलेला. निकालाच्या गोंधळात आजींना कोणी काही सांगितलंच नव्हतं, आणि माझं 'ग्राह्य नाही' त्यांना उमगलं नव्हतं. नातीचा फळा उंच धरलेला मात्र त्यांनी पाहिला होता. अमेयसाठी त्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. मला बघून पदर सावरत म्हणाल्या, 'आमच्या यशूचं कधी हाये, गुरुजी?'

मी म्हणालो, 'कार्यक्रम संपला, आजी.' आणि त्यांच्या शेजारची खुर्ची मिटून उचलली.