देवळालीच्या तोफेवरून तलासरीच्या अंगणात

आमच्या घरात फोनवर सगळ्यांत मोठ्याने बोलतात ते बाबा. त्यांच्यावर मात करणारा एकच माणूस माझ्या माहितीत आहे, तलासरीचे देवजीकाका. दोघांनी देवळालीच्या तोफखान्यात एकाच तोफेवर नोकरी केली आणि निवृत्त होताना तोफेने दोघांचेही कान ठेवून घेतले. हे अर्थात दोघांनाही मान्य नाही. बाबांच्या मते बिचारा देवजी बहिरा झालाय. फोनवर दोघं एकाच वेळी ओरडतात, एकमेकांचं अक्षरही ऐकत नाहीत आणि समाधानाने फोन ठेवतात.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मात्र फोनवर भागेना. हिवाळ्यापासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसत होते, पेपरात रोज काहीतरी येत होतं. मी काकांच्या सुनेला, मंजुळाला फोन केला.

"आम्ही सगळी अंगणात तंबूत निजतो, ताई," ती म्हणाली. "सासरे मात्र आत. भिंतीला भेग पडलीय तरी आत. जमिनीतून तोफ सुटल्यासारखा आवाज येतो, तो त्यांना आयकूच येत नाय. किती सांगितलं, पण नाय म्हणजे नाय."

मी हे बाबांच्या कानात ओरडून सांगितलं. बाबांनी चहा संपवला आणि पिशवीत स्वेटर भरायला लागले. "तो माझं ऐकेल," म्हणाले. मी हसले नाही, पण कष्ट पडले.

मलाही जायचंच होतं, त्याचं कारण सांगते. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. सरावात गोळा सुटला की तोफेची नळी झटक्याने मागे येते. बाबा नको तिथे वाकलेले होते. मागून देवजीकाकांनी कमरेचा पट्टा धरून त्यांना खेचलं, म्हणून बाबा राहिले आणि पुढे मी झाले. ही गोष्ट बाबांनी दर दिवाळीला आम्हाला सांगितली आहे. काकांना मात्र त्याबद्दल ते कधीच काही बोललेले नाहीत. फौजेत असलं बोलत नाहीत म्हणे. मी फौजेत नाही. या खेपेला मी बोलणार होते.

शनिवारी पहाटे कॅम्पातून निघालो. देवळालीबाहेरच्या लोकांना ही छावणी म्हणजे थंड हवेचं, रुंद रस्त्यांचं ठिकाण वाटतं. इंग्रजांनीही ती हवेसाठीच वसवली. मुंबईला बोटीतून उतरलेले गोरे सोल्जर आधी इथे यायचे आणि परत जाताना पुन्हा इथेच बोटीची वाट बघत महिनेच्या महिने तंबूत काढायचे. स्वातंत्र्यानंतर तोफखान्याची शाळा इथे आली आणि देशभरची पोरं तोफ शिकायला येऊ लागली. आमच्या गावचे शिंपी, बेकरीवाले, दूधवाले, सगळ्यांची घरं या छावणीवर उभी राहिली. फायरिंग असलं की आमच्या खिडक्यांच्या काचा वाजतात. लहानपणी मला त्याचा वैताग यायचा, कारण परीक्षा नेमक्या तेव्हाच असायच्या.

रस्त्याचं विचाराल तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, तलवाडा, कासा असे जा. घाटात वळणं खूप, जव्हारच्या पुढे डांबर मधूनमधून गायब, पण वाहतूक कमी आणि जंगल सोबतीला. चार-पाच तास धरून चाला. जव्हारला गरम वडापाव खाऊन घ्या, पुढे चारोटी नाक्यापर्यंत धड काही मिळत नाही. आम्ही मुक्कामाला बोर्डीला गेलो. चिकूच्या वाडीतली घरगुती खोली, दोघांचे हजार रुपये, शिवाय जेवण. तळलेला बोंबील, तांदळाची भाकरी आणि नंतर मागाल तितके चिकू. मालकीणबाई माझ्याशी मराठीत, नवऱ्याशी गुजरातीत आणि बाबांशी हातवाऱ्यांनी बोलत होत्या. तिसऱ्या भाषेत त्या सगळ्यांत पटकन तरबेज झाल्या.

रविवारी सकाळी आतल्या रस्त्याने तलासरीकडे निघालो. ताडाची झाडं, कापणी झालेली भातशेतं आणि जवळजवळ प्रत्येक घरापुढे तंबू नाहीतर ताडपत्री. सामान बाहेर, चुली बाहेर, म्हातारी माणसं बाजेवर बाहेर.

देवजीकाका दारातच बसले होते. बारीक अंग, पांढऱ्या मिशा, हाफपँटवर फौजेचा जुना पट्टा. बाबांना बघताच उठले.

"काय रे वामन, म्हातारा झालास!"

"प्रवास बरा झाला," बाबा ओरडले.

"तुला आयकू येत नाय का?"

"जेवण करूनच निघालो."

काकांनी माझ्याकडे बघून कीव आल्यासारखी मान हलवली. बाबांनी मंजुळाकडे बघून तशीच हलवली. मंजुळाने पदर तोंडाला लावला.

मग बाबांनी मुद्द्याला हात घातला. घराच्या भेगेकडे बोट, तंबूकडे बोट, काकांकडे बोट. काकांनी तंबूकडे एक नजर टाकली आणि थुंकले.

"ह्याला तंबू बोलतात? दोर ढिले, खुंट्या सरळ ठोकल्यात. गनर माणूस ह्यात निजंल?"

तर कारण हे होतं. इतके दिवस सगळं घर म्हाताऱ्याला भीती कळत नाही म्हणून रडत होतं आणि म्हातारा खुंट्यांवर अडून बसला होता. मंजुळा म्हणाली, "मग सांगायचं ना तसं!" काका म्हणाले, "हो हो, चहा ठेव."

बाबांनी तोवर स्वेटर काढला होता. त्यांनी उजवा हात सरळ वर केला. तोफेवर त्याचा अर्थ तोफ तयार. वरचा हात खाली आला की गोळा सुटतो. काकांनी लगेच हात वर केला आणि पुढे अर्धा-पाऊण तास दोघं एक शब्द बोलले नाहीत. तंबू पुरा पाडला. तळहात पालथा केला की थांब, मूठ आवळली की ताण, दोन बोटं की माझ्या बाजूला ये. खुंट्या तिरक्या बसल्या, भोवती पाण्याला चर निघाला, दोर वाजतील असे ताठ झाले. घरात कधी पाण्याचा पेला न उचलणारे माझे बाबा गुडघ्यावर बसून घण मारत होते. मला त्यांचा इतका अभिमान आजवर वाटला नव्हता.

काम झाल्यावर काका ताडीचा लोटा आणायला घरात गेले. तेवढ्यात तो आवाज झाला. पायाखालून, जड, बंद दारामागे तोफ सुटावी तसा. मंजुळा किंचाळली. बाबांना आवाज गेला की तळव्यांना कळलं देव जाणे, पण ते माझ्याआधी दारात पोचले. फळीवरची भांडी खडखडत होती आणि काका त्यांच्याकडे पाठ करून निवांत ताडी ओतत होते. बाबांनी मागून त्यांचा पट्टा धरला आणि असा खेचला की दोघं अंगणात आडवे झाले.

धक्का थांबला. भेगेतून थोडी माती गळली, एक ताटली पडली, बाकी काही नाही. काका उठून बसले. अंगावर सगळी ताडी.

"त्या टायमाला तोफ खरोखर मागे आली होती रे," ते म्हणाले. "आता उगाच सांडवलीस."

सगळे हसले, मला मात्र रडू आलं. मी वाकून काकांच्या पायांना हात लावला आणि ठरवलेलं सगळं बोलले. त्यांनी मंजुळाकडे बघितलं. तिने कानात ओरडून सांगितलं, "तुमच्यामुळे मी जन्माला आले, असं बोलतात ताई."

"मी नुसता पट्टा पकडला," काका म्हणाले. "बाकी तुझ्या आईनं केलं."

बाबा त्यांच्याशेजारी मातीतच बसले होते. "मीही तेच म्हणतोय, देवजी," ते म्हणाले. हळू म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा. काकांना ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं आणि या वेळी मंजुळाने ते ओरडून सांगितलं नाही. काकांनी बाबांचा चेहरा नीट बघितला आणि त्यांच्या पाठीवरची माती झटकली.

दुपारी उडदाचं वरण-भात जेवून काका स्वतःहून तंबूत जाऊन आडवे झाले. दोर एकदा बोटाने वाजवून बघितला, तेवढंच. आम्ही निघालो तेव्हा तंबूच्या तोंडाशी येऊन त्यांनी उजवा हात वर केला. बाबांनी गाडीच्या खिडकीतून वर केला. वळण येऊन तंबू दिसेनासा होईपर्यंत दोघांनीही तो खाली आणला नाही.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर बोर्डीचा समुद्र बघा, चिकू आणा, घाट उजेडी उतरा. आम्ही घरी काय आणलं म्हणाल तर दोन पिशव्या चिकू, आणि फोनवरची शांतता. आता मंजुळा व्हिडिओ कॉल लावते. तलासरीला धक्का बसल्याची बातमी आली की पडद्यावर आधी तंबूचा ताठ दोर दिसतो, मग काकांचा वर केलेला हात. इकडे बाबा करतात. कोणी ओरडत नाही. परवा रेंजवर फायरिंग चालू होतं, आमच्या काचा वाजत होत्या, आणि बाबा फोनसमोर हात वर करून बसले होते. दुखेल, खाली घ्या, असं मी खुणेने सांगितलं.

"आधी त्याला घेऊ दे," बाबा म्हणाले.