दुकानवाला मशीन बदली

त्या जबाबातली एक ओळ मला अजूनही शब्दशः पाठ आहे, कारण ती मीच सांगून लिहून घेतली होती.

मी तेव्हा जळगाव शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. रावेर तालुक्यातल्या सावद्याकडचे एक केळी बागायतदार लेखी अर्ज घेऊन आले. वय साठीच्या पुढे, कडक इस्त्रीचा सदरा; सोबतचे लोक त्यांना आबा म्हणत होते. त्यांनी टेबलावर एक मखमली डबी ठेवली. आत परदेशी बनावटीचे महागडे ऑटोमॅटिक घड्याळ होते. असल्या घड्याळाला सेल लागत नाही, हाताच्या हालचालीवर ते चालते. लेकीच्या लग्नात जावयाला द्यायला म्हणून आबांनी ते शहरातल्या एका मोठ्या दुकानातून घेतले होते. पंधरा दिवसांत ते मध्येच बंद पडू लागले.

जावई दोंडाईच्याचे. आबा लेकीकडे गेले असताना त्यांनी ते तिथल्या एका जुन्या कारागिराला दाखवले. त्याने मागचे झाकण उघडले, भिंगातून आतले मशीन पाहिले आणि एक वाक्य बोलला.

"म्या सोताच्या कानानं आयकलं, सायेब," आबा म्हणाले. "तो बोलला, दुकानवाला मशीन बदली. जावयाले डुप्लिकेट घड्याळ देल्लं, म्हनतीन लोकं. म्या व्याह्याच्या दारात पाय कसा ठेवू?"

मी साताऱ्याकडचा. खानदेशात येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. जबाब शुद्ध मराठीत लिहून घ्यायची मला सवय. मी लेखनिकाला सांगितले, "लिहा: दुकानदाराने मशीन बदलले, असे कारागिराने मला सांगितले."

घड्याळ विकणारा सेल्समन चाळिशीचा होता, चौदा वर्षे त्याच काउंटरवर. खरेदीच्या दिवशी तो घड्याळ घेऊन आतल्या खोलीत गेला होता आणि दहा-बारा मिनिटांनी बाहेर आला होता. कॅमेऱ्यात ते दिसत होते. आतल्या खोलीत कॅमेरा नव्हता. दुसऱ्या दिवशी एका खबऱ्याचा फोन आला: सेल्समनचा मेहुणा भुसावळला जुनी घड्याळे विकतो. माणूस पाठवून खात्री केली. खबर खरी निघाली. मालकाने त्याच दिवशी सेल्समनकडून कपाटाच्या चाव्या काढून घेतल्या आणि त्याला घरी बसवले.

मी त्याला चौकशीला बोलावले.

"आत काय केलंस?"

"पट्ट्याच्या दोन कड्या काढल्या, साहेब. जावईबापूंचं मनगट बारीक आहे, असं आबाच बोलले होते."

"दोन कड्यांना इतका वेळ?"

"लागला असेल. आठवत नाही."

"मेहुणा काय करतो?"

"जुनी घड्याळं विकतो. मी कधी लपवलं नाही."

नोकरीत मी एक गोष्ट पाहिली आहे. खोटे बोलणाऱ्याजवळ दहा मिनिटांचे चोख वर्णन तयार असते. खऱ्या माणसाला दहा मिनिटे आठवत नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होते. तरीही त्याचे 'आठवत नाही' मला टाळाटाळ वाटले, कारण समोर ती ओळ होती.

जाताना तो दारात थांबला. "लोक मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात देतात, साहेब. पावतीसुद्धा मागत नाहीत. आता कोण देईल?"

कारागिराचा जबाब झाला की फसवणुकीचा गुन्हा दाखल करून याला अटक करायची, असे मी ठरवले होते.

दोंडाईचा धुळे जिल्ह्यात. वरिष्ठांची परवानगी घेतली, डायरीत रवानगी नोंदवली, घड्याळाची डबी आणि सोबतीला शिरपूरकडचा एक हवालदार घेऊन निघालो. कारागीर सत्तरीचा होता. बाजारातले लोक त्याला नाना म्हणत. पोलिसांना पाहून त्याने डोळ्यावरचे भिंगसुद्धा काढले नाही.

"नाना, या घड्याळाबद्दल तुम्ही काय सांगितलं होतं?"

"काय सांगसू? इस्क्रू ढिला शे. वजननं चाक घासाई ऱ्हायनं. दुकानवाला मशीन बदली."

मी हवालदाराकडे पाहिले. पुरावा तोंडून आला होता. "कधी बदली?" मी विचारले.

नानांनी आता मात्र भिंग काढले. "तुम्ही घडी लई जाशात तवय! वारंटी शे ना?"

हवालदार खो-खो हसत सुटला आणि माझा चेहरा पाहून थांबला. "साहेब, नाना म्हणतात, तुम्ही घड्याळ न्याल तेव्हा. आमच्या अहिराणीत 'दुकानवाला बदली' म्हणजे दुकानवाला बदलून देईल. बदललं असतं तर नाना बोलले असते, 'दुकानवालानी बदली'."

"आबांना हे कळू नये?"

"ते रावेरकडचे. त्यांची बोली वेगळी. त्यात कान आधीच संशयाने भरलेले."

नानांनी झाकण उघडून दाखवले. वजनाचे चाक म्हणजे अर्ध्या चंद्रासारखी एक पट्टी; ती हाताबरोबर फिरायला हवी होती. सैल स्क्रूमुळे ती कडेला घासत होती. त्यामुळे घड्याळाला पुरती चावी बसत नव्हती. "कारखानामाच कसायेल नही," नाना म्हणाले. कारखान्यातच आवळलेला नव्हता.

कंपनीच्या सेवा केंद्राने ते लेखी कळवले. मशीन अस्सल, क्रमांक बरोबर, दोष बनावटीतला. पुढे दुकानाने मशीन बदलून दिले. म्हणजे नाना बोलले होते तसेच झाले.

ठाण्यात परतल्यावर मी तो जबाब पुन्हा वाचला. आबांनी ऐकलेले वाक्य जसेच्या तसे सांगितले होते. त्यांचा अर्थ चुकला होता, शब्द नाही. शब्द मी बदलले. एक 'ने' घातला, 'बदली'चे 'बदलले' केले, आणि होणारी गोष्ट झालेली झाली. आबांचा संशय आबांपुरता राहिला असता. कागदावर तो पुरावा झाला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या हाताखालच्या प्रत्येक लेखनिकाला मी एकच सांगत आलो: साक्षीदार जसा बोलला तसे आधी लिहा, अर्थ त्याखाली लिहा.

अर्ज निकाली काढल्याचे पत्र द्यायला मी स्वतः दुकानात गेलो. सेल्समनला मालकाने परत बोलावले होते. मी त्याला माझी चूक सांगितली. तो फक्त "ठीक आहे, साहेब" म्हणाला. आबा नवे मशीन बसवलेले घड्याळ न्यायला आलेच होते. माफी त्यांना जमली नाही. त्यांनी आपल्या मनगटावरचे जुने घड्याळ काढले आणि सेल्समनच्या हातात ठेवले.

"याच्याबी दोन कड्या काढ, भाऊ. आत ने. लागन तितका टाइम लाव."

सेल्समनने खणातून बारीक अवजार काढले आणि तिथेच, आबांच्या डोळ्यांसमोर, दोन्ही कड्या काढल्या.

त्यानंतर त्या दुकानात मी दोनदा गेलो आहे. आतली खोली अजून आहे. तो तिथे कोणाचे घड्याळ घेऊन जात नाही.