तहान दाबून धरणारी बाई

दुबईत ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की ऑफिसच्या काचांवरून बाहेरच्या बाजूनं पाणी ओघळतं. दर्शनी दाराच्या काचा पुसून आमच्या ऑफिसात सफाई करणाऱ्या सुमनमावशी आत आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी नुसते ओठ ओले केले.

"मावशी, नीट प्या ना!"

"नको ताई. प्यायलं की जावं लागतं. आमचं बाथरूम पार तळघरात. सारखं खाली गेलं की सुपरवायझर ओरडतो."

मागच्या भिंतीवर पोस्टर होतं, 'भरपूर पाणी प्या'. माझं डोकंच सणकलं. इथे वाळूत हिरवळ जगवायला दिवसभर पाणी फवारतात, आणि त्याच शहरात एका बाईनं तहान दाबून धरायची!

मी मावशींचा हात धरून त्यांना आमच्या मजल्यावरच्या बाथरूमपाशी नेलं. "आधी जाऊन या, मग पोटभर प्या." त्या आत गेल्या. सुपरवायझर धावतच आला.

"मॅडम, हे सफाईवाल्यांसाठी नाही. आज एकीला सोडलं तर उद्या सगळ्या येतील."

"येऊ देत," मी दार अडवून म्हणाले. "उद्याही मी इथेच उभी असेन."