फोटोत आलेली वेणी

त्या वर्षी आमच्या वर्गात सगळ्यांनी दुःखच रंगवलं. मी यवतमाळच्या कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होते. कापसाच्या भावानं सगळ्या जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं, आणि सरांनी रेखाचित्र आणि संकल्पचित्र या दोन्हींना मिळून एकच विषय दिला होता: कापूस. मुलं लगेच भेगाळलेली जमीन आणि डोक्याला हात लावलेला म्हातारा काढायला बसली. भिंतीवर पंधरा ताव लागले आणि पंधराही तावांवर म्हातारे. त्यातला एक तर हुबेहूब आमच्या कॉलेजच्या चौकीदारासारखा होता, आणि तो चौकीदार स्वतः खाली उभा राहून ‘अरे वा’ म्हणत होता. मला इतकं हसू आलं की सरांनी वर्गाबाहेर काढलं.

दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. शेतावर माणूस हवं म्हणून आमच्यातला एक मुलगा दिवाळीनंतर परत आलाच नाही. त्याच्या रिकाम्या डाँकीकडे, म्हणजे आम्ही चित्र काढायला ज्यावर बसायचो त्या लाकडी बाकाकडे, बघितलं की माझंही तोंड उतरायचं. पण ब्रश हातात घेतला की मला काही रडता यायचं नाही. एकोणीस वर्षांची होते, घरापासून लांब होते, बोटांना कायम रंग लागलेला असायचा, आणि सकाळी उठल्यापासून मला आनंदाच्या उकळ्या फुटत असायच्या. त्याला मी काय करू?

संकल्पचित्रात मी कपाशीच्या बोंडांची साडीची किनार केली, गुलाबी रंगावर. सर चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘लाह्या छान फुटल्यात.’ रेखाचित्रात माझी माणसं नेहमी दुसऱ्याच कोणासारखी दिसायची. प्लास्टरचा पाय बघून काढला, तर तोसुद्धा आमच्या गल्लीतल्या एका काकांचा पाय वाटायचा. या दोन्हींत मी काठावर निघाले असते; राहिला तिसरा विषय, छायाचित्रण. त्यावर सगळी मदार होती, कारण वणीला एका ऑफिसात बाबू असलेल्या माझ्या बाबांनी मला कॉलेजात घालतानाच सांगून ठेवलं होतं, ‘एका जरी विषयात गेली, तं बस्स झालं. गुमान घरी यायचं नि कॉम्प्युटरच्या क्लासले जायचं.’ बाबा उगाच बोलत नसत, हे मला चांगलं माहीत होतं.

छायाचित्रणाच्या कामाचं नाव होतं ‘स्वाभाविक भाव’. कॉलेजचा एकच कॅमेरा, प्रत्येकाला दोन दिवस आणि छत्तीस फोटोंचा एक रोल. मी कॅमेरा गळ्यात अडकवून एसटीनं महागावच्या अलीकडे मावशीच्या गावाला गेले. बस खड्ड्यात आदळली की कॅमेरा छातीशी धरायचा आणि पुन्हा खिडकीबाहेर बघून दात काढायचे, असा माझा प्रवास झाला.

मावशीची नि काकांची पिठाची चक्की होती. शेती म्हणाल तर एक गुंठा नाही. तरीसुद्धा मावशी कापसापायी खचलेली बाई म्हणून पेपरात आली होती! त्याचं असं झालं, की आदल्या वर्षी तिची दाढ ठणकत होती. महागावला डॉक्टरकडे जायला म्हणून ती रस्त्यावर बसची वाट बघत, कापसानं भरलेल्या कोणाच्या तरी बैलबंडीला टेकून, गालाला हात लावून बसली होती. तेवढ्यात बाहेरगावची जीप थांबली, एकानं फोटो काढला आणि जीप गेली. आठ दिवसांनी मावशी पेपरात. काकांना इतका अभिमान वाटला, की त्यांनी तो फोटो महागावला नेऊन मोठा करून घेतला, काच लावली आणि पुढच्या खोलीत दारासमोरच टांगला.

मी गेले तेव्हा मावशी त्याच फोटोखाली गहू निवडत होती. ‘बरी आली वं पोरी,’ ती म्हणाली. ‘येत्या इतवारी ताईले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. मागच्या खेपेले आल्ते, तं आल्याआल्या इचारते, घरात कोण गेलं म्हून. या फोटोपायी! चहा पेले नि गेले, काही सांगणं नाई की काही नाई. तू मले त्या खिळ्यासाठी हासता फोटो काढून दे.’

ताई म्हणजे मावशीची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती चक्कीच्या पट्ट्याशी उभी राहून पीठ चाळत होती, भुवयांपर्यंत पांढरी. ‘आईले हासता नाही येत फोटोत,’ ती शांतपणे म्हणाली.

मला वाटलं, यात काय अवघड आहे? मावशीला हसता फोटो आणि मला गुण, दोघींचंही एकाच फोटोत काम होणार. मी तिला अंगणात उजेडात बसवलं, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि मावशीचा हात आपोआप गालावर गेला.

‘मावशी, हात!’

‘हो वं माय, ध्यानातच नाही राह्यलं.’ हात खाली आला, पण ओठ असे मिटले की जणू आत गोळी ठेवली आहे. दुसऱ्या फोटोला मान वाकडी. तिसऱ्याला पुन्हा गाल. शेजारची म्हातारी काय चाललंय ते बघायला आली, कॅमेरा दिसताच खाली बसली, पदर डोक्यावर घेतला आणि कपाळावर आठ्या आणून मला विचारलं, ‘आता पाहू का वर आभायाकडे?’ मागच्या दोन वर्षांत एवढ्या जीपा येऊन गेल्या होत्या, की गावात कॅमेऱ्यासमोर कसं बसायचं हे लहानथोरांना पाठ झालं होतं. मी हसून हसून भिंतीला टेकले. रोलमधले एकतीस फोटो असेच गेले आणि मग माझं हसू आटलं.

दुपारी चक्की बंद होती. मी वैतागून कॅमेरा ताईच्या हातात दिला आणि पेन्सिल काढली. निदान रेखाचित्राचा तरी एक ताव होईल. मावशीसमोर पाट टाकून बसले आणि तिचा चेहरा काढायला लागले, आणि बघते तर काय, मावशी एकदम मोकळी! चित्राला ती घाबरतच नव्हती. गहू निवडत तिनं मला सगळ्या गावाच्या भानगडी सांगितल्या, मधेच गाणं म्हटलं, नाक पुसलं. कॅमेरा एका क्षणात उचलतो, म्हणून माणूस त्या क्षणापुरता सावध होतो. तासभर सावध कोण राहील? दीड वर्ष कॉलेजात बसून जे कळलं नव्हतं, ते मला मावशीच्या ओसरीवर कळलं, आणि मी आनंदानं पाटावरच उड्या मारायला लागले.

‘पाहू दे मले,’ मावशी म्हणाली. मी वही उलटी करून तिच्यासमोर धरली. तिनं बघितलं, डोळे बारीक केले, पुन्हा बघितलं.

‘अवो माय! हे तं माही सासू होय!’

आणि मावशी हसली. पोट धरून, मागे कलंडून, पडलेल्या दाढेची खिंड दाखवत, डोळ्यांतून पाणी काढत हसली. सुपातले गहू ओसरीभर झाले. माझ्या पाठीमागून खट् असा आवाज आला. मी वळून बघितलं, तर ताई कॅमेरा खाली घेत होती. मी तिला काहीही सांगितलं नव्हतं. तिनं कधी उचलला, कुठली कडी फिरवली, मला पत्ताही नव्हता.

कॉलेजच्या न्हाणीघराची आम्ही डार्करूम केली होती. तिथल्या लाल दिव्याखाली, रसायनाच्या ट्रेमधल्या कागदावर आधी मावशीची खिंड उमटली, मग डोळे, मग उडालेले गहू. डाव्या कोपऱ्यात एक जाड काळी वेणी आली होती. मी एकटीच त्या न्हाणीघरात नाचले, बादलीला पाय लागेपर्यंत. दोन प्रती काढल्या. एक मोठी करून महागावच्या एसटीत बसवून दिली. दुसरी तावावर चिकटवली, खाली रोटरिंग पेननं सुवाच्य अक्षरात माझं नाव लिहिलं आणि शुक्रवारी सरांपुढे ठेवली.

सरांनी ताव उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाले, ‘कोपऱ्यातली ही वेणी बघा. काळा भार एका बाजूला, हसणं दुसऱ्या बाजूला. याला म्हणतात रचना.’ पंधरा म्हाताऱ्यांचे चित्रकार माझ्याकडे वळून बघायला लागले. वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला. मी लाजल्यासारखं केलं. आणि खरं सांगते, त्या वेळी ताईची आठवणसुद्धा मला आली नाही. कॅमेरा माझा, रोल माझा, मावशीही माझीच, एवढं मला पुरेसं होतं.

रविवारी पाहुणे आले. मीही गेले होते. मुलाची आई मोठी धोरणी बाई दिसत होती. ती आली आणि थेट त्या खिळ्यासमोर उभी राहिली. बघता बघता तिच्याही ओठांचे कोपरे हलले. ‘कोणं काढला?’ तिनं विचारलं.

‘हे आमची वणीची पोरगी,’ काका छाती काढून म्हणाले. ‘फोटोचंच शिकून राह्यली.’

मी हात जोडून नमस्कार केला. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन खाली मान घालून उभी होती.

ती बाई फोटोच्या आणखी जवळ गेली. ‘मंग हे वेणी कोणाची?’

खोलीतल्या सगळ्यांनी आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझी वेणी खांद्यावरून पुढे आलेली, तीच, तेवढीच जाड. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तशातच मला हसू फुटलं. ‘माझीच आहे,’ मी म्हटलं. ‘फोटो ताईनं काढला.’

‘तुले येते काढता?’ बाईनं ताईला विचारलं.

ताईनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. ‘श्वास रोखून दाबा लागते,’ ती म्हणाली. ‘नाई तं हालते. नि माणूस हासाच्या थोडं आंधीच दाबा लागते, हासल्यावर दाबलं तं उशीर होते.’ आमच्या सरांनीही हे कधी सांगितलं नव्हतं. ट्रे हातात तसाच, आणि चेहरा असा उजळलेला, की मुलगा पोहे घ्यायचेच विसरला. लग्न तिथंच ठरलं म्हणा ना.

येताना बसमध्ये मला ताईचा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. चोरी केली मी, सरळ चोरी. सोमवारी सरांना सांगितलं. सरांनी तावावरचं माझं नाव खोडलं, गुण खोडले. ‘बाकीचे दाखव,’ म्हणाले. बाकीचे म्हणजे गालावरचे हात. छायाचित्रणात मी नापास झाले.

निकाल बाबांच्या हातात पडला, तो ताईच्या हळदीच्या दिवशी, मावशीच्याच घरात. बाबांनी कागद वाचला, त्याची घडी केली, आणि भिंतीवरच्या फोटोपुढे जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता कॉम्प्युटरचा क्लास. बाबा वळले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

‘एवढा चांगला फोटो काढला तुनं,’ ते म्हणाले, ‘नि तुले नापास करते थो मास्तर? उद्या येतो मी यवतमाळले. पाहूनच घेतो त्याले.’

वेणीची गोष्ट वणीपर्यंत पोचलीच नव्हती. माझ्या चित्रांसाठी भांडायला बाबा आयुष्यात पहिल्यांदा उभे राहिले होते. ती खुशी दोन मिनिटं तरी तशीच ठेवावी, असं मला फार वाटलं. मांडवात हलगी वाजत होती, त्यात माझा आवाज ऐकू जाईना, म्हणून मला ओरडून सांगावं लागलं, ‘बाबा, तो माझा नाही!’

बाबा गव्हाच्या पोत्यावर बसले. मी पण शेजारी बसले. त्यांनी कागदाची घडी पुन्हा उलगडली आणि छायाचित्रणाची ओळ बोटानं शोधली.

‘फिरून परीक्षा कधी असते?’ त्यांनी विचारलं.

‘ऑक्टोबरात,’ मी म्हटलं.

‘मंग जाय तिच्यापाशी,’ बाबा ताईकडे बोट करून म्हणाले, ‘सासरी जायच्या आंधी शिकून घे.’