पात्यावरचं कुंकू

प्रमिला गेल्याचा फोन तिचा धाकटा भाऊ बाळू याने डिंभ्याहून केला. "दादा, ताई सकाळी गेली... यष्टीच्या भरवशावर राहू नका, मी मंचरला गाडी घेऊन येतो." मी बातमीदार. नाव, वय, कारण, वेळ या क्रमाने विचारायची सवय. त्या दिवशी काहीच विचारलं नाही. तिचा आजार मला माहीत होता.

आम्ही शाळेत एका वर्गात होतो. तिचे वडील धरणात मासे धरायचे, आई ते कापून विकायची. प्रमिला डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगायची... हे काळीज, हे कल्ले, ही अंड्यांची गाबोळी. पुढे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिने हेच काम केलं, माणसांच्या बाबतीत. "डीएनए सांगतो, कुणाचं," असं तिने मला एकदा समजावलं होतं. "डोक्यापासून पायापर्यंत तो एकच. पण मेंदूतली काही प्रथिनं कातडीत किंवा रक्तात अशी सापडत नाहीत. ती सांगतात, कुठलं."

काही वर्षांपूर्वी जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेला एक बाई मृत सापडली. बिबट्याने मारल्याची बातमी माझ्या नावाने छापून आली. मी तिथे गेलोच नव्हतो, फोनवर ऐकून लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रमिलाचा फोन. "काय रे, बिबट्याने तुला मुलाखत दिली का?" तोवर शवविच्छेदनात डोक्यावर धारदार हत्याराचा घाव निघाला होता. आम्ही खुलासा छापला नाही.

बाईच्या दिराकडे कोयता मिळाला. पातं धुतलेलं होतं, पण मूठ जिथे पात्याला भिडते तिथल्या खोबणीत किंचित काही उरलं होतं. डीएनए त्या बाईचाच. दिराचं म्हणणं, वहिनीनं आठवड्यापूर्वी चारा कापताना बोट कापून घेतलं, त्याचं रगत आहे ते. प्रमिलाने खोबणीतला अंश तपासला. त्यात मेंदूतली प्रथिनं होती. बोट कापून ती कोयत्यावर येत नाहीत.

एवढ्यावर खटला उभा राहिला असता. पण तो कोयता प्रयोगशाळेत येण्याआधी मध्ये दसरा येऊन गेला होता. पोलीस ठाण्यात शस्त्रपूजा होते, त्या वर्षीही झाली. कुणीतरी जप्त हत्यारंही पाटावर मांडली, कोयत्याचं लाखबंद पुडकं उघडून पात्याला कुंकवाची बोटं ओढली, आणि पुन्हा लाख लावून शिक्का मारला. हेतू वाईट नव्हता. हत्यार दिसलं, पुजलं. प्रमिलाने पुडकं उघडलं तेव्हा बाहेर शिक्का शाबूत होता आणि आत कुंकू. वरिष्ठ म्हणाले, "कुंकवाने प्रथिनं बदलतात का? मग सोडा ना." तिने नोंद केली. जे दिसलं ते लिहायचं, हा तिचा नियम होता.

बचावाच्या वकिलांनी नेमकी तीच ओळ वाचून दाखवली. पुडकं कोणी उघडलं? कधी? ठाण्यातल्या कुणालाच आठवेना. अहवाल बाजूला ठेवला गेला, दीर सुटला. माझ्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्याही मीच लिहिल्या.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मेलेल्या बाईची आई भेटली. प्रमिलाला म्हणाली, "बाई, तू लिवलंस म्हनून सुटला ना त्यो?"

"खरं होतं ते, मावशी."

"आन् माझ्या पोरीचं कोयत्याला लागलेलं... ते खरं न्हवतं?"

त्यानंतर मी प्रमिलाला तीनदा विचारलं, पुन्हा वेळ आली तर लिहिशील का? तिन्ही वेळा "हो" म्हणाली. तिसऱ्या वेळी मात्र माझ्याकडे बघून नाही.

परवा दसऱ्यानंतर डिंभ्याला बाळूकडे गेलो. भिंतीवर तिचा फोटो, खाली पाट. पाटावर तिचं भिंग आणि बारीक दातांचा चिमटा. दोन्हींना हळदकुंकू, वर झेंडू, आपट्याचं पान.

बाळू म्हणाला, "ताईची हत्यारं हायती. पुजायला नगं?"

मी चिमटा उचलला, रुमालाने पुसला. दांड्या स्वच्छ झाल्या. दातांच्या खाचांतलं कुंकू तसंच राहिलं.