आधी तोंडानं आवाज काढा

आमच्या गॅरेजात सुटे नटबोल्ट टाकायचा एक डबा आहे. कुठला नट कुठल्या गाडीचा, आता देवालाही सांगता यायचं नाही. किस्स्यांचंही तसंच झालंय. दिघ्यात आमचं पत्र्याचं गॅरेज. मी आणि भागीदार बबन, दोघंही साताऱ्याकडचे. लोक मला तात्या म्हणतात.

आम्ही फक्त जुन्या व्हॅन बघतो. व्हॅन वेगळा आवाज करायला लागली की मालक आधी मोठ्या वर्कशॉपात धावतो. तिथं उत्तर ठरलेलं, "इंजिन गेलं, भंगारात द्या." आणि व्हॅन गेली की धंदा गेला! म्हणून आमचा एक नियम आहे. या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ती सीट उचलण्याआधी मालकानं आवाज तोंडानं काढून दाखवायचा. घाई नाही. चहा घ्या, आठवा, मग काढा.

*

बेलापूरच्या ऑफिसातले एक साहेब आले. आवाज काढा म्हटल्यावर लाजले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "चीं."

बबन म्हणाला, "साहेब, गाडी एवढी लाजते का?"

मग साहेबांनी डोळे मिटून असा "चींऽऽऽ" काढला की टपरीवरचं कुत्रं पळालं.

"फॅनबेल्ट," मी म्हणालो. सीट नंतर उचलली. बेल्टच होता!

*

जेवणाच्या ऑर्डरी घेणारं एक जोडपं आलं. काका म्हणाले, "टक-टक-टक." काकू म्हणाल्या, "छे! घर्रर्र." तिथंच जुंपली.

मी दोघांना बसवून एक चक्कर मारली. काका पुढं इंजिनावर बसलेले, त्यांच्याखाली इंजिनातले सैल झालेले टॅपेट टकटकत होते. काकू मागं पातेल्यांजवळ, तिथल्या चाकाचं बेअरिंग गेलेलं.

"दोघंही बरोबर आहात," मी सांगितलं.

काकू म्हणाल्या, "हे लिहून द्या. तीस वर्षांत पहिल्यांदाच झालंय!"

*

एक इंजिनिअर आपल्या वडिलांची व्हॅन घेऊन आला. हातात फॉल्ट शोधायचं मशीन. त्याची वायर खुपसायला अर्धा तास जागा शोधत होता. जुन्या गाडीत ती असणार कुठून?

शेवटी घाम पुसत म्हणाला, "तात्या, हे लावायचं कुठं?"

बबन म्हणाला, "तात्यांच्या कानाला!"

*

आता माझीही फजिती सांगतो. एका ड्रायव्हरनं आवाज काढला, "गुड... गुड-गुड." मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. आत काहीतरी गडबड आहे, म्हटलं. अर्धं इंजिन उघडलं. काही नाही!

बबननं मागची सीट हलवली, तर खालून नारळ घरंगळत आला. दसऱ्याचा!

ड्रायव्हर म्हणाला, "पूजेचा आहे तात्या, बाहेर कसा टाकणार?"

फोडला. खोबरं गोड निघालं, पण बबननं मला ते महिनाभर पचू दिलं नाही.

*

मोरा बंदरावरची कोळीण हिराबाई मासळी भरून व्हॅन स्वतः चालवत बेलापूरला येते, सोसायट्यांच्या गेटवर विकते. एकदा रडवेली होऊन आली.

"तात्या, वर्कशॉपवाला बोलला, इंजिन गेला, भंगारान दे. गारी गेली तं मी म्हावरा डोक्यावं नेऊ काय?"

"आवाज काढ," म्हटलं. तिनं काढला, "खाड! खाड!" बाजारात कमावलेला गळा! सगळी गल्ली बाहेर आली.

पण रिकामी गाडी गप्प. स्क्रूड्रायव्हर लावून तासभर ऐकलं, इंजिन चांगलं धडधडत होतं. मग विचार केला, हिचा माल भरल्यावरच गाडी वाजत असेल. म्हणून गल्लीतल्या नऊ बाया मागं बसवल्या. चढावर घेतली आणि आला की आवाज! इंजिन ज्या रबरावर बसतं तेच फाटलं होतं. ओझं वाढलं की लोखंडावर लोखंड आदळायचं.

रबर बदललं. बाया बसवून पुन्हा चढ चढवला. हूं नाही की चूं नाही! हिराबाईनं माझे दोन्ही हात धरले. वर्कशॉपनं भंगारात काढलेली गाडी, मी कानानं वाचवली.

चार दिवसांनी ती परत आली. तोंड फुगलेलं.

"आता काय झालं?"

"तात्या, गेटवं कोनी खाली येतच नाय! हिरा आली ह्या कोनाला कलतच नाय. गारी थोरी वाजती कर नं!"