व्होल्टकाकांनी डबा विकला

चौतीस वर्षं वीज उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून काढलेल्या माणसाचा आपल्याच विजेवर काडीचा भरवसा नसावा, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण व्होल्टकाकांचा नव्हता. "मीच सोडत होतो ना ती, मला विचारा," असं ते म्हणत. म्हणून नोकरीत असतानाच त्यांनी घरच्या होम थिएटरसाठी पॉवर कंडिशनर घेऊन ठेवला होता. भिंतीतली वीज आधी त्यात जायची आणि साफसूफ होऊन मग टीव्हीला, स्पीकरना मिळायची. काकू त्याला सरळ डबा म्हणत.

डब्याच्या तोंडावर एक निळा आकडा होता, घरात येणाऱ्या विजेचं व्होल्टेज दाखवणारा. खरी गोम तिथेच होती. निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी दोघांनी मिळून पिक्चर बघायचा, असा शब्द काकांनी काकूंना दिला होता. दोघं बसतही. फक्त काकू पिक्चर बघत आणि काका आकडा. पडद्यावर कुणी रडायला लागलं की हे ओरडत, "दोनशे नऊ!" आणि उपकेंद्रात फोन लावून ज्युनियरला झाडत. दोन वर्षांत एकही पिक्चर त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

एके संध्याकाळी काकूंनी मध्येच टीव्ही बंद केला. "हा डबा तरी जाईल, नाहीतर उद्यापासून मी आत बसून एकटी मोबाइलवर बघेन. ठरवा काय ते."

त्यांनी आवाज चढवला नव्हता, म्हणूनच काका घाबरले. मुकाट्याने जाहिरात दिली.

पण जीव कुठला सुटतोय! पहिल्या दोन गिऱ्हाइकांना काकांनी स्वतःच पळवून लावलं. एकाला म्हणाले, "उचलताना कंबर धरेल." दुसऱ्याला डब्याची आतली रचना तासभर समजावून सांगितली, तो फोन आल्याचं सांगून जिन्यात गेला, तो गेलाच.

तिसरी आली ती समोरच्या इमारतीतली दातांची डॉक्टर. ती बधणाऱ्यांतली नव्हती.

"मधूनमधून टक् असा आवाज येतो यातून," काका म्हणाले.

"माझ्याकडे दिवसभर ड्रिल चालतं, काका. टक् काय घेऊन बसलात! पण विकताय कशाला? बिघाड आहे का काही?"

"डबा ठणठणीत आहे," काकू दारातून म्हणाल्या. "बिघाड यांच्यात आहे."

डॉक्टर खळखळून हसली आणि सौदा झाला. काकांनी डबा स्वतः तिच्या घरी पोचवला, जोडून दिला, वर काही ठेवू नका म्हणून तीनदा बजावलं. परत आले तर टीव्हीखालच्या फळीवर धुळीच्या चौकटीत रिकामी जागा उरली होती. त्यांना खरंच वाईट वाटलं.

संध्याकाळी पिक्चर लागला. काका शहाण्यासारखे बसले. अर्ध्या तासाने डोक्यावरच्या पंख्याचा आवाज किंचित बसला आणि काकांनी कान टवकारले. दोनशे वीस, त्यांनी मनातल्या मनात अंदाज बांधला. तोंड मात्र घट्ट मिटून ठेवलं.

"दोनशे अठरा," पडद्यावरची नजर न हलवता काकू म्हणाल्या.

काका उडालेच. "तुला काय ठाऊक?"

"रोज तुम्ही आकडा ओरडायचात, तेव्हा मी पंखा ऐकायचे. दोन वर्षांत एवढंही कळू नये?"

"अठरा नाही. वीस."

"मग विचारा डॉक्टरीणबाईंना. त्यांची इमारत आपल्याच ट्रान्सफॉर्मरवर आहे ना?"

काकांनी फोन लावला. "जरा आकडा बघता का?"

"दोनशे अठरा," डॉक्टर म्हणाली. "का हो काका, काळजीचं काही आहे का?"

"छे छे. एकदम उत्तम आहे."

फोन ठेवून काका बायकोकडे बघतच राहिले. चौतीस वर्षांत त्यांच्या हाताखाली असा एकही ज्युनियर तयार झाला नव्हता.

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"डबा बोलत होता ना," काकू म्हणाल्या आणि त्यांनी रिमोट उचलला. "थोडा मागे घेऊ? कुठपर्यंत पाहिलात?"

"पहिल्यापासून लाव," काका म्हणाले, आणि फोन बंद करून त्यांनी तो डब्याच्या रिकाम्या जागेवर ठेवून दिला.